कळीपासून बीपर्यंत : नाशिकच्या वसंतात एका फांदीचा मागोवा कसा घ्यावा

नाशिकच्या आसपासच्या डोंगररांगांतील पानगळी झाडे ज्या काळात फुलतात, तो काळ फुलण्यासाठी वरवर पाहता अगदीच गैरसोयीचा वाटतो. माघ सरता सरता हवा कोरडी होते, फाल्गुनात ओढे आटतात, चैत्रात जमिनीला भेगा पडतात, आणि नेमक्या याच दिवसांत पळस, काटेसावर, पांगारा, शिवण, वारस, मोह आणि कुसुम ही झाडे फुलांच्या व त्यांच्यामागोमाग फळांच्या कामाला लागतात. यामागचा हिशेब पावसाशी जोडलेला आहे. आपल्याकडे बी रुजण्याजोगी ओल जूनमध्ये मृगाच्या पावसाने येते आणि दिवाळीनंतर ओसरू लागते. ज्या झाडाचे बी फार काळ टिकत नाही त्याला ते मे-जूनपर्यंत पिकवून जमिनीवर पोहोचवावे लागते, आणि तेथून उलटे मोजत गेल्यास फुलण्याची वेळ फाल्गुन-चैत्रावर येऊन ठेपते. पाने गळून गेलेली असल्यामुळे उघड्या फांद्यांवरील फुले पाखरांना लांबून दिसतात आणि वाऱ्याने वाहणारे परागकण पानांत अडकून पडत नाहीत, हा आणखी एक फायदा. सगळी झाडे मात्र हा हिशेब पाळत नाहीत. साग भर पावसाळ्यात फुलतो आणि त्याचे कठीण कवचाचे फळ पुढचा पावसाळा येईपर्यंत जमिनीवर निवांत पडून राहू शकते.

वसंतात झाडांचे पुनरुत्पादन कसे होते हे समजून घ्यायचे असेल तर एक झाड, त्याची एक फांदी आणि फाल्गुन ते ज्येष्ठ हे चार महिने एवढ्यावरच लक्ष ठेवावे, असे माझे मत आहे. रोज नवी झाडे ओळखत फिरण्यात आनंद असतो, परंतु कळीचे बी होताना दिसायचे असेल तर त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाण्याला पर्याय नाही. ती फांदी कशी निवडावी, तिच्यावर काय पाहावे, साधे प्रयोग कसे करावेत आणि अखेरीस हाती आलेले बी कसे रुजवावे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

झाडाची निवड

पहिल्या वर्षासाठी पळस, आंबा, करंज किंवा शेवगा यांपैकी एखादे झाड घ्यावे, कारण त्यांची फुले हाताला येतील इतक्या उंचीवर मिळू शकतात आणि त्यांचे भाग उघड्या डोळ्यांनी दिसण्याइतके मोठे असतात. आंब्याचे फूल तेवढे लहान, पण त्याची भरपाई मोहोराच्या आकाराने होते. पांडवलेणीच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान, रामशेज-बोरगडचा परिसर, गंगापूर धरणाकडे जाणारा रस्ता किंवा पेठ आणि दिंडोरीच्या बाजूचे बांध येथे पळस सहज सापडतो. काटेसावर देखणी असली तरी तिची पहिली फांदीच बहुधा डोक्यावर खूप उंच असते, म्हणून ती दुर्बिणीने पाहण्यासाठी ठेवावी. गुलमोहर आणि नीलमोहर ही शहरातील रस्त्यांवर सर्वत्र दिसणारी झाडे परदेशांतून आलेली आहेत; त्यांच्यावर शिकता येते, पण येथील पाखरे आणि कीटक यांच्याशी जुळलेले नाते पाहायचे असेल तर येथलीच झाडे निवडणे अधिक फलदायी ठरते.

झाड शक्यतो स्वतःच्या अंगणातील, शेताच्या बांधावरील किंवा परवानगी मिळेल अशा आवारातील असावे. राखीव वनात फांदीला दोरा बांधायचा असला तरी वनविभागाची परवानगी आवश्यक समजावी. त्र्यंबक, पेठ, हरसूल आणि सुरगाणा भागांत मोहाच्या झाडाखाली जाण्यापूर्वी गावात विचारावे. तेथे कोणत्या झाडाची फुले कोणी वेचायची हे अनेकदा घरोघरी ठरलेले असते आणि पहाटे पडलेला मोह हा त्या घराच्या वर्षाच्या कमाईचा भाग असतो.

निवडलेल्या झाडावर पूर्ण वाढलेल्या पण अद्याप न उमललेल्या कळ्यांची एक फांदी हेरावी आणि तिच्या बुडाशी रंगीत लोकरीचा सैल धागा बांधावा. पांढरा धागा उन्हात दिसत नाही आणि घट्ट बांधलेला धागा फांदीला काचतो. जवळ असाव्यात अशा वस्तू थोड्याच आहेत : दहापट मोठे दाखवणारे भिंग, टोकदार चिमटा, ब्लेड, कागदी पाकिटे, तलम मलमलीचे कापड, सुतळी आणि पेन्सिल. शाईचे पेन घामाने आणि दवाने फिसकटते. नोंदवहीत प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, कळ्या, उमललेली फुले, कोमेजलेली फुले आणि धरलेली फळे यांचे आकडे लिहावेत. आठवड्यातील एक वार ठरवून घेतला की खाडे होत नाहीत.

फूल उघडून पाहताना

बहुतेक झाडांची फुले ढोबळमानाने तीनपैकी एका प्रकारात मोडतात, आणि आपले झाड कोणत्या प्रकारातील आहे हे ठरवल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. पळस, काटेसावर आणि करंज यांच्या एकाच फुलात पुंकेसर (पराग देणारा नर भाग) व स्त्रीकेसर (फळ धरणारा मादी भाग) दोन्ही असतात. आवळ्याच्या एकाच डहाळीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी लागतात. टेंभुर्णी, बिबा आणि शिंदी यांच्यात मात्र नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. शिंदीचे किंवा टेंभुर्णीचे एखादे झाड वर्षानुवर्षे फळत नाही म्हणून त्याला वांझ ठरवून तोडले जाते, तेव्हा पुष्कळदा परिसरातील मादी झाडांना पराग पुरवणारा नरच तोडला गेलेला असतो. परसातील पपईची जशी आपण फुले पाहून नर-मादी ओळखतो, तशी या झाडांचीही ओळखता येते, फक्त भिंग लागते.

पळसाचे फूल अभ्यासाला उत्तम. देठाशी गडद, मखमली निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांना बुडाशी धरणारा पेला, असतो आणि त्यातून पाच केशरी पाकळ्या निघतात. एक रुंद पाकळी मागे वळलेली, दोन बाजूंना, आणि उरलेल्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारखी वाकडी नौका झालेली. ही नौका वरच्या कडेने ब्लेडने हलकेच उघडली की आत 10 पुंकेसर दिसतात. त्यांपैकी 9 बुडाशी जुळलेले आणि 1 सुटा असतो. त्यांच्या मधोमध कुक्षीवृंत ही लांब दांडी, तिच्या टोकाशी पराग स्वीकारणारी कुक्षी आणि बुडाशी चपटा, लवदार अंडाशय असतो. पुढे शेंग होते ती या अंडाशयाची. अंडाशय उभा चिरून भिंगाखाली धरल्यास आतील बीजांडे दिसतात. त्यांतील प्रत्येक बीजांड हे संभाव्य बी असते, आणि तरीही पळसाच्या पिकलेल्या शेंगेत टोकाशी एकच बी मिळते. बाकीची शेंग चपटी व हलकी राहते आणि वाऱ्यावर ते बी वाहून नेते.

परागकोश, म्हणजे पुंकेसराच्या टोकाची परागांची पिशवी, फुटला आहे की नाही हे पाहण्यासाठी तो काळ्या कागदावर हळूच टेकवावा. पिवळसर भुकटी उमटली तर पराग मोकळे झाले आहेत. कुक्षी पराग स्वीकारण्यास तयार असली की भिंगाखाली ओलसर व चकचकीत दिसते, आणि तिचा काळ संपला की ती सुकून तपकिरी पडते. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात की मागेपुढे, हे अवश्य नोंदवावे. मोहाच्या फुलात कुक्षीवृंत कळी उमलण्याच्या आधीच बाहेर डोकावतो आणि त्याच फुलाचे पराग नंतर मोकळे होतात, त्यामुळे स्वतःचाच पराग स्वतःच्या कुक्षीवर पडण्याचा संभव कमी होतो.

कुक्षीवर पडलेल्या योग्य परागकणातून एक सूक्ष्म परागनलिका निघते आणि कुक्षीवृंतातून वाट काढत बीजांडापर्यंत पोहोचते. तिच्यातून दोन नर युग्मके (प्रजननपेशी) जातात : एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण तयार होतो आणि दुसऱ्याच्या संयोगातून भ्रूणाला पोसणारा भ्रूणपोष तयार होतो. ही घटना झाडावर पाहता येत नाही, पण तिची सुरुवात शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दाखवता येते. पाण्यात सुमारे 10 टक्के साखर आणि चिमूटभर बोरिक आम्ल विरघळवावे, काचपट्टीवर त्या द्रावणाचा एक थेंब घेऊन त्यात ताजे पराग टाकावेत, वर आच्छादन-काच ठेवावी आणि तासा-दोन तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. ताजे पराग असल्यास काही कणांतून शेपटीसारख्या नलिका निघालेल्या दिसतात. दुपारच्या उन्हातील शिळ्या फुलांचे पराग वापरल्यास हाती बहुधा निराशाच येते, म्हणून सकाळीच फुले आणावीत.

फुलावर कोण येते

पळसावर पहाट फुटल्यापासून साधारण नऊ वाजेपर्यंत बसावे. जांभळा शिंजीर, बुलबुल, मैना, कोतवाल, मधूनच खार, असे पाहुणे येतात. येथे पाहुणा कोण यापेक्षा तो फुलाशी काय करतो हे पाहणे महत्त्वाचे आहे. देठावर बसून चोच समोरून घालणाऱ्या शिंजिराच्या वजनाने नौका दाबली जाते आणि पुंकेसर व कुक्षी त्याच्या गळ्याला किंवा छातीला टेकतात. हा खरा परागवाहक. निदलपुंजाच्या बाजूने भोक पाडून मध पिणारा पाहुणा परागाला स्पर्शही न करता निघून जातो. म्हणून खाली पडलेल्या फुलांचे बूड तपासावे. बाजूला भोक असलेली फुले किती निघतात ते मोजले की मध घेणारे आणि पराग नेणारे यांतील फरक आकड्यांतच दिसतो.

काटेसावरीच्या फुलात पुंकेसरांचा मोठा झुपका आणि भरपूर मध असतो. दिवसा पाखरे आणि रात्री वटवाघळे तिच्याकडे येतात. मोह पाहायचा तर रात्रीच जावे. त्याची फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांवर येतात आणि पहाटे मांसल, गोड पाकळ्यांचा सडा पडतो. या गळलेल्या भागाबरोबर पुंकेसर जातात, पण अंडाशय मात्र कुक्षीवृंतासह फांदीवरच राहतो, त्यामुळे खाली पडलेली मोहफुले वेचल्याने त्या झाडाच्या फळधारणेत काहीच घट होत नाही. मोह वेचल्यामुळे मोहाचे बी कमी होते असे शहरात अधूनमधून ऐकू येते, ते फुलाची रचना न पाहता केलेले विधान आहे. झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जागा साफ करण्याची पद्धत मात्र रुजू पाहणाऱ्या रोपांना मारक ठरते, हे खरे.

बहाव्याचे फूल चैत्राच्या अखेरीपासून पुढे दिसते आणि त्यात तीन लांबीचे पुंकेसर असतात. मोठे भुंगे फुलाला धरून अंग थरथरवतात, तो गुणगुणाट जवळून स्पष्ट ऐकू येतो, आणि त्या कंपनाने परागकोशांच्या छिद्रांतून पराग बाहेर उडतात. भुंग्याचे खाद्य एका लांबीच्या पुंकेसरांतून आणि दुसऱ्या झाडाकडे जाणारा पराग दुसऱ्या लांबीच्या पुंकेसरांतून, अशी ही वाटणी आहे.

वावळ या साऱ्यांपासून वेगळी. पौष-माघात तिच्या निष्पर्ण फांद्यांवर रंगगंध नसलेली, बारीक, हिरवट-तपकिरी फुले येतात, ज्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही, आणि त्यांचे पराग वारा वाहून नेतो. सकाळी ऊन वाढल्यावर काळा कागद खाली धरून फांदी हलवल्यास पराग भुकटीसारखे पडतात. ज्यांना दम्याचा किंवा परागांच्या ॲलर्जीचा त्रास आहे त्यांनी हा प्रयोग करू नये, कारण वावळीचे पराग त्रासदायक म्हणून ओळखले जातात.

उंबर, वड आणि पिंपळ हे पहिल्या वर्षी बाजूला ठेवावेत असे मी सुचवीन. त्यांची फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात आणि प्रत्येक जातीची आपली अशी अगदी लहान गांधीलमाशी टोकाच्या बारीक छिद्रातून आत शिरून परागीभवन करते. आत शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. उंबराच्या वेगवेगळ्या वयाची फळे उभी चिरून भिंगाने पाहिली की मादी फुले, माशीची अंडी वाढवणारी फुले आणि छिद्राजवळची नर फुले दिसतात. हा विषय स्वतंत्र वर्षभराचा आहे, आणि उंबराला वसंताचे बंधनही नाही.

मधमाश्यांविषयी एक सूचना. सातेरी आणि फुलोरी माश्यांजवळ शांतपणे उभे राहता येते. झाडावर किंवा जवळच्या कड्यावर आग्या माश्यांचे पोळे असेल तर ते झाड सोडून द्यावे, अत्तर लावून जाऊ नये आणि धूर करू नये. पांडवलेणीसारख्या कड्याकपारींच्या जागी हे विशेष लक्षात ठेवावे.

पिशवीचा प्रयोग

फुलांना पाहुण्यांची गरज आहे का, आणि स्वतःचाच पराग चालतो का, या दोन प्रश्नांची उत्तरे मलमलीच्या पिशवीने मिळतात. पुस्तकातील चार पानांपेक्षा हा प्रयोग जास्त शिकवतो, म्हणून तो टाळू नये. एकाच झाडावर साधारण सारख्या कळ्यांचे चार फुलोरे निवडून त्यांना चार रंगांचे धागे बांधावेत. पहिला फुलोरा तसाच मोकळा ठेवावा. उरलेल्या तिन्हींवर कळ्या उमलण्यापूर्वीच मलमलीच्या पिशव्या चढवून तोंड सुतळीने सैल बांधावे आणि आत मुंग्या चढू नयेत म्हणून बांधलेल्या जागी कापूस गुंडाळावा. प्लॅस्टिकची पिशवी कधीही वापरू नये. आत वाफ धरते आणि एका दुपारीच फुले शिजल्यासारखी होतात.

दुसऱ्या फुलोऱ्याला हातही लावू नये. तिसऱ्याची पिशवी फुले उमलल्यावर सकाळी थोडा वेळ काढून, मऊ केसांच्या चित्रकलेच्या ब्रशने त्याच झाडाचा पराग त्याच्या कुक्ष्यांवर लावावा आणि पिशवी पुन्हा चढवावी. चौथ्याला त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाचा पराग लावावा. त्यासाठी ब्रश वेगळा ठेवावा. पराग आणताना तो कागदी पाकिटातून, सावलीत आणि त्याच सकाळी आणावा. सगळी फुले कोमेजल्यावर पिशव्या काढून टाकाव्यात, नाहीतर धरलेली फळे आतच खुरटतात, आणि मग चारही फुलोऱ्यांवरील फळे दर आठवड्याला मोजावीत.

दुसऱ्या फुलोऱ्यावर फळे धरली तर फूल पाहुण्याविनाही स्वतःचा पराग घेऊ शकते. दुसऱ्यावर काहीच नाही पण तिसऱ्यावर फळे आहेत, असे झाल्यास स्वतःचा पराग चालतो, फक्त तो पोहोचवणारा हवा. दुसरा व तिसरा दोन्ही रिकामे आणि चौथ्यावर मात्र फळे, असा निकाल आला तर ते झाड स्वतःचा पराग नाकारते. आणि मोकळ्या फुलोऱ्यापेक्षा चौथ्यावर बरीच जास्त फळे धरली, तर त्या जागी परागवाहकांची किंवा जवळपासच्या जोडीदार झाडांची उणीव आहे असे समजावे. एकटे राहिलेले झाड दरवर्षी भरभरून फुलते पण बी धरत नाही, याचे कारण पुष्कळदा येथे सापडते. अर्थात चार फुलोऱ्यांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. शेजारच्या दोन-तीन झाडांवर तोच प्रयोग झाला तर निकालाला वजन येते. वाऱ्याने परागीभवन होणाऱ्या वावळीवर ही रीत नीट चालत नाही, कारण विरळ विणीच्या कापडातून पराग आरपार जातो.

आंब्याचा मोहोर आणि गळ

आंब्यावर थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे, कारण फुले आणि फळे यांच्या संख्येतील तफावत त्याच्याइतकी ठळकपणे दुसरे कोणतेही घरचे झाड दाखवत नाही. एका मोहोरात शेकडो, कधी त्याहूनही कितीतरी अधिक फुले असतात आणि त्यांतील काही केवळ नर तर काही द्विलिंगी असतात. भिंगाखाली द्विलिंगी फुलाच्या मध्यावर गोल, पिवळसर-हिरवा अंडाशय दिसतो. नर फुलात ती जागा रिकामी असते. दोन्ही प्रकारांत पराग देणारा पुंकेसर बहुधा एकच असतो. मोहोराच्या टोकाची आणि बुडाची 50-50 फुले मोजून द्विलिंगी किती निघतात ते लिहावे. हे प्रमाण जातीप्रमाणे आणि हवामानाप्रमाणे बदलते. मोहोर वाढत असताना थंडी कडाक्याची राहिली तर नर फुलांचे प्रमाण वाढते आणि परागाची रुजण्याची शक्तीही मंदावते. निफाडच्या बाजूला थंडी रेंगाळते त्या वर्षी पहिल्या मोहोराला फळ कमी का धरले, याचे उत्तर औषधाच्या दुकानापेक्षा आधी या मोजणीत शोधावे.

आंब्यावर मुख्य काम माश्या करतात. घरमाश्या, फुलमाश्या आणि थोड्या मधमाश्या. म्हणून मोहोर उमललेला असताना दिवसा कीटकनाशक मारणे हे फळधारणेच्या मुळावर येते. तुडतुडे ही कीड किंवा भुरी हा बुरशीचा रोग यांसाठी फवारणी करणे भागच असेल तर ती मोहोर उमलण्याच्या आधी उरकावी. दशहरी, लंगडा आणि चौसा या जाती स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत, त्यामुळे त्यांच्याजवळ दुसऱ्या जातीचे झाड लागते. हाताने परागीभवन करूनच रत्ना ही जात नीलम आणि हापूस यांच्यापासून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तयार केली. पिशवीच्या प्रयोगातील चौथा फुलोरा म्हणजे त्याच कामाची पहिली पायरी आहे.

फळ धरल्यानंतर बागायतदार मोहरी, वाटाणा, गोटी अशा आकारांच्या नावांनी वाढ सांगतात. आपल्या खुणेच्या मोहोरावर या प्रत्येक अवस्थेत किती फळे उरली ते लिहावे. मोहरीएवढ्या असताना बहुसंख्य गळून जातात आणि शेवटी एका मोहोरावर एखादी-दुसरी कैरी राहते, कित्येकांवर तीही नाही. ही गळ रोग नव्हे. पराग न मिळालेली फळे आधी गळतात, त्यानंतर झाड स्वतःच्या पाणी-अन्नाच्या ताकदीप्रमाणे उरलेल्यांची छाटणी करते. गळलेले प्रत्येक फळ उभे चिरून आतील बी कोवळे-शुभ्र आहे की काळे पडलेले, हे पाहिल्यास कोणते फळ कशामुळे गेले याचा अंदाज येतो. अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली असेल तर तारखेसह तशी नोंद ठेवावी, नाहीतर पुढे आकड्यांचा अर्थ लागत नाही.

इतर झाडांखालीही सडा वाचता येतो. मोहासारख्या फुलांत पाकळ्या आणि पुंकेसर यांचे नुसते कडे पडले असेल, तर अंडाशय वर राहिला आहे. देठासकट अख्खे फूल पडले असेल तर ते वाया गेले. चौरस मीटरभर जागा काड्यांनी आखून दोन्ही प्रकार मोजावेत.

आवळ्याचे निरीक्षण करणाऱ्यांनी धीर धरावा. त्याची फुले चैत्रात येतात आणि परागीभवनही तेव्हाच होते, परंतु फलित अंडाशय पावसाळा लागेपर्यंत जवळजवळ वाढतच नाही. उन्हाळाभर फांदीवर काहीच दिसत नाही आणि नंतर फळे अचानक लागल्यासारखी वाटतात. करंज आणि बहावा यांची तऱ्हा आणखी वेगळी : त्यांच्या शेंगा पिकायला वर्षाचा बराच भाग लागतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या शेंगा आणि यंदाची फुले एकाच झाडावर एकत्र दिसतात. नवखा माणूस त्या शेंगा याच फुलांच्या समजतो.

बी गोळा करणे आणि पेरणे

बी केव्हा घ्यायचे हे फळ सांगते. काटेसावरीची बोंडे एप्रिलच्या सुमारास तपकिरी पडून तडकू लागतात. ती पूर्ण फुटण्याआधी काढून कापडाखाली उन्हात ठेवावीत, म्हणजे कापूस उडून न जाता बी आतच मिळते. वावळीची पंखासारखी चपटी फळे एप्रिल-मेमध्ये वाळून पडतात, ती झाडून गोळा करावीत. पळसाच्या शेंगा मे-जूनमध्ये हिरवटपणा जाऊन फिक्या तपकिरी झाल्या की घ्याव्यात. कडुनिंबाच्या लिंबोळ्या पिवळ्या होऊन पडू लागतात त्या जून-जुलैत, जांभळे जूनमध्ये, आणि मोहाची फळे पावसाच्या तोंडावर. एकाच झाडाचे सगळे बी घेऊ नये. एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक झाडांचे थोडे थोडे घ्यावे, म्हणजे रोपांत विविधता राहते आणि पाखरे-खारींचा वाटाही शिल्लक उरतो. पोचट आणि भोके पडलेले बी तेथेच टाकावे.

यापुढची सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळ्या बियांना एकच नियम लावणे. मोह, जांभूळ आणि कडुनिंब यांचे बी वाळवून डब्यात ठेवले की मरते. त्यांचा गर धुऊन काढून, सावलीत पाणी निथळवून, शक्य तेवढ्या लवकर पेरावे. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन रोपे निघणे नेहमीचे आहे. पळस, सावर आणि वावळ यांचेही बी त्याच पावसाळ्यात वापरून टाकावे. बहाव्याचे बी मात्र वर्षानुवर्षे टिकते, पण कवच इतके कठीण असते की ओल आतच शिरत नाही; त्यावर उकळून खाली उतरवलेले पाणी ओतून रात्रभर तसेच ठेवावे किंवा बियांची एक कड खरखरीत पॉलिशपेपरवर घासून मग भिजत घालावे. फुगलेले बी पेरावे, न फुगलेल्यांना तीच प्रक्रिया पुन्हा करावी. करंजाला यांपैकी कशाचीच गरज नसते.

पिशवीत पोयट्याची माती, वाळू आणि कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात भरावे आणि पाणी साचू नये म्हणून बुडाशी व बाजूंना भोके पाडावीत. बी त्याच्या जाडीच्या दीडपट-दुपटीपेक्षा खोल पुरू नये. पळसाचे चपटे बी आडवे ठेवून वर बोटभरापेक्षा कमी माती पुरते. पाणी झारीने आणि सकाळी द्यावे, माती ओलसर राहावी पण चिखल होऊ नये. पिशवी फार मोठ्या उन्हात ठेवण्याऐवजी पहिले काही आठवडे हिरव्या जाळीच्या किंवा झाडाच्या विरळ सावलीत ठेवावी. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाची झोड मोठी असते, तेथे रोपे उघड्यावर ठेवल्यास माती वाहून बी उघडे पडते. येवला-नांदगावच्या कोरड्या बाजूला उलट पावसाने ओढ दिली की झारी हाती ठेवावी लागते.

पळस आणि मोह यांचे सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून त्यांना उथळ कुंडीत न ठेवता लांब पिशवी द्यावी आणि मूळ भोकातून जमिनीत शिरू नये यासाठी पिशव्या अधूनमधून हलवाव्यात. पहिल्या वर्षी वर जेमतेम दोन-चार पानांची वाढ दिसली तरी रोप मेले असे समजून ते उपटू नये. प्रत्येक पिशवीवर मातृवृक्षाची जागा, बी घेतल्याची तारीख आणि पेरल्याची तारीख लिहिलेली पट्टी लावावी, आणि पिशवीच्या प्रयोगातील फुलोऱ्यांचे बी मिळाले असेल तर त्याच्या धाग्याचा रंगही त्यावर नोंदवावा, म्हणजे स्वतःच्या परागाचे रोप आणि दुसऱ्या झाडाच्या परागाचे रोप यांच्या उगवणीची आणि उंचीची तुलना पुढच्या वसंतापर्यंत करता येते.